बारा प्रश्न, चार उत्तरे: एका गोमंतकीय गेममधल्या रिअ‍ॅक्शनचे प्रकरण

पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यात चौघांचा एक संघ टर्न-बेस्ड रोल-प्लेइंग गेम, म्हणजे पात्रांच्या भूमिका घेऊन पाळीपाळीने खेळायचा गेम, बनवत होता. एक प्रोग्रामर, एक चित्रकार, एक लेखिका आणि तिघांना बांधून ठेवणारा प्रमुख. चौघांच्याही नोकऱ्या वेगळ्या, त्यामुळे गेमचे काम संध्याकाळी आणि रविवारी चालायचे. गेम मराठीत होता, किल्ले आणि घाटवाटांच्या एका काल्पनिक मुलखात घडणारा. खेळाडूच्या टोळीत चार पात्रे: ढालकरी, मांत्रिक, तिरंदाज आणि वैदू. लढाईची रचना तपासायला त्यांनी मला बोलावले तेव्हा दोन प्रकरणे खेळता येण्याइतकी तयार होती, आणि ती बघताक्षणी आवडावीत अशी होती. ओळख उघड होऊ नये म्हणून गेमचे नाव आणि काही तपशील इथे बदलले आहेत.

लढाईचे नियम टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या गेमच्या २०१४ च्या आवृत्तीवरून सुचलेले होते. त्या नियमांत प्रत्येक पात्राला आपल्या टर्नखेरीज एक 'रिअ‍ॅक्शन' मिळते. दुसऱ्याची टर्न चालू असताना ठरावीक प्रसंग घडला की ती वापरायची, आणि एकदा वापरली की आपली पुढची टर्न सुरू होईपर्यंत ती परत मिळत नाही. शत्रू जवळून निसटू लागला की त्याच्यावर वार करणे, वार लागतोय असे दिसताच जादूची ढाल उभी करणे, समोरच्याचा मंत्र अर्ध्यात तोडणे, ही त्याची ठरलेली उदाहरणे. टेबलावर हे फार झकास चालते. खेळ चालवणारा माणूस समोर बसलेला असतो, कोणीतरी "थांब, थांब!" म्हणतो आणि सगळे थांबतात.

संगणकाला मात्र कुठे थांबायचे ते आधी सांगून ठेवावे लागते, आणि यावर वेगवेगळ्या गेमनी वेगवेगळे मार्ग काढले आहेत. १९९७ च्या 'फायनल फँटसी टॅक्टिक्स'मध्ये बहुतेक रिअ‍ॅक्शन पात्राच्या शौर्याच्या आकड्यावर चालतात. शौर्य ७० असेल तर शंभरात सत्तर वेळा ती आपोआप होते, खेळाडूला कोणी विचारत नाही. २०१२ च्या 'एक्सकॉम'मध्ये सैनिकाला आपल्या टर्नमध्ये 'ओव्हरवॉच'वर ठेवायचे, मग शत्रू नजरेच्या टप्प्यात हलला की गोळी सुटते, तो शत्रू मारण्याजोगा असो वा नसो. 'बाल्डर्स गेट ३' ऑक्टोबर २०२० मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे पुरा होण्याआधीच खेळायला, आला तेव्हा त्यातल्या रिअ‍ॅक्शनही आपोआप व्हायच्या. डिसेंबर २०२२ च्या पॅचमध्ये, म्हणजे सुधारित आवृत्तीत, खेळ थांबवून खेळाडूला विचारण्याची सोय आली.

आपल्या संघाने हा शेवटचा दाखला मनावर घेतला होता. खेळाडूला विचारलेले आवडते, तेव्हा प्रत्येक वेळी विचारायचे, असे ठरले. पण 'बाल्डर्स गेट ३'मध्ये कोणत्या रिअ‍ॅक्शनला विचारायचे आणि कोणती आपोआप होऊ द्यायची हे खेळाडूला ठरवता येते. ती बाजू आराखड्यात उतरली नाही.

अडचण

गेममध्ये चार प्रकारच्या रिअ‍ॅक्शन होत्या. 'ढाल' चारही पात्रांना होती. वार होताना बचाव ५ ने वाढवायचा. 'झेप' ढालकऱ्याची, शेजारच्या सोबत्यावर येणारा वार स्वतःवर घ्यायची. शत्रू शेजारून निसटताना त्याच्यावर वार करायचा तो 'अडवा', हाही ढालकऱ्याचाच. आणि मांत्रिकाचा 'मंत्रभंग'.

एका साध्या लढाईत सहा शत्रू असायचे. प्रत्येकाने एक वार केला तर सहा वार. प्रत्येक वाराला ज्याच्यावर वार होतोय त्याला ढालीचे विचारायचे, आणि ढालकरी शेजारी असेल तर त्याला झेपेचे. म्हणजे एका राउंडमध्ये, सगळ्यांची एकेक टर्न होईपर्यंत, बारापर्यंत प्रश्न, आणि त्यात अडवा अजून धरलेलाच नाही. रिअ‍ॅक्शन मात्र प्रत्येक पात्राला एक, म्हणजे चारच, म्हणून 'हो' फार तर चार वेळा म्हणता येते.

यापेक्षा वाईट गोष्ट आकड्यांत दिसत नव्हती. ती चवथीत दिसली. प्रमुखाचे मूळ घर पेडण्यात. सगळी भावंडे जमलेली, आत आरतीची तयारी चाललेली, आणि ओसरीवर लॅपटॉपभोवती पोरांचा घोळका. प्रमुखाचा कॉलेजात जाणारा मामेभाऊ खेळत होता. पहिल्या दोन राउंडमध्ये तो प्रत्येक प्रश्न वाचत होता. तिसऱ्या राउंडपासून पहिल्याच प्रश्नाला 'हो' म्हणू लागला, मग वार कितीही फुसका असो. प्रमुखाने विचारले, "अरे, ढाल राखून ठेव ना, तो भालाईत अजून यायचाय." तो म्हणाला, "दादा, हो म्हटलं की गप्प बसतं ते. नाही म्हटलं की परत विचारतं."

प्रमुखाने हे वाक्य मला जसेच्या तसे सांगितले, आणि संपूर्ण प्रकरणाचे मूळ त्यात होते. रिअ‍ॅक्शन वापरून टाकली की त्या पात्राला त्या राउंडमध्ये विचारायचे काही उरत नाही. जो खेळाडू डोके लावून ती राखून ठेवतो, त्याच्यावर प्रश्नांचा मारा होतो. नियम सांगत होते, जपून वापर. पडद्यावरची चौकट सांगत होती, लवकर उडवून टाक आणि मोकळा हो. पोराने चौकटीचे ऐकले, आणि माझ्या मते बरोबर केले.

समोर आलेले पर्याय

संघाने आधी याकडे निव्वळ चौकटीची अडचण म्हणून पाहिले. चौकट लहान करावी, कोपऱ्यात न्यावी, आवाज बदलावा असे बोलणे चालले होते. चित्रकाराने दोन सुबक नमुनेही काढले होते. माझे म्हणणे असे होते की चौकट केव्हा उघडते हा नियमांचा प्रश्न आहे. तिथे हात घातल्याशिवाय रंगरूप बदलून काही होणार नाही.

प्रोग्रामरने वेळमर्यादा सुचवली: चार सेकंदांत उत्तर आले नाही तर 'नाही' धरायचे. खेळ अडून राहत नाही, हा त्याचा फायदा. शिवाय टर्न-बेस्ड गेममध्ये वेळेचे भान आणणे ही काही नवी गोष्ट नाही. १९९६ च्या 'सुपर मारिओ आरपीजी'मध्ये नेमक्या क्षणी बटण दाबून शत्रूचा मार कमी करता येतो आणि २०२५ च्या 'क्लेअर ऑब्स्क्युर'ची सगळी लढाईच वार चुकवण्या-परतवण्यावर उभी आहे. पण त्या गेममध्ये हाताची चपळाई हाच खेळ आहे. इथे खेळाडू विचार करायला आला आहे. हळू वाचणारा, बोटे दुखणारा, जुन्या लॅपटॉपवर अडखळत खेळणारा, या सगळ्यांना चार सेकंदांनी बाहेर काढले असते. लेखिकेने याला ठाम विरोध केला आणि पर्याय तिथेच संपला. मला तिचे पूर्ण पटले होते.

दुसरे टोक म्हणजे काहीच विचारायचे नाही. २०१४ च्या 'हार्थस्टोन' या पत्त्यांच्या गेमने ही वाट धरली आहे. प्रतिस्पर्ध्याच्या टर्नमध्ये आपण काहीच करत नाही, आधी लपवून ठेवलेले 'सीक्रेट' वेळ आली की आपोआप उलगडते, आणि त्यामुळे खेळाला गती येते. प्रमुख या बाजूला झुकत होता. पण मंत्रभंग आपोआप झाला तर? शत्रूच्या मांत्रिकाने किरकोळ मंत्र म्हणावा, आपल्या मांत्रिकाने त्यावर मंत्रभंग खर्च करावा, आणि पुढच्याच क्षणी सगळ्या टोळीला जाळणारा मंत्र यावा. ज्या निर्णयासाठी खेळाडू मांत्रिक घेतो तोच निर्णय त्याच्या हातून जातो.

तिसरा पर्याय सेटिंगमध्ये ढकलण्याचा: प्रत्येक रिअ‍ॅक्शनपुढे तीन खुणा, 'आपोआप', 'विचार', 'बंद'. हे हवेच होते. पण यावर भागवायला माझा विरोध होता. पहिल्यांदा खेळणारा सेटिंग उघडत नाही. आपण न सोडवलेले कोडे त्याच्या गळ्यात बांधून वर त्याला मोकळीक म्हणणे योग्य नव्हे.

काय केले: ढाल

सर्वांत जास्त वेळ ढालीवर गेला, कारण ती चारही पात्रांना होती आणि प्रश्नांचा मोठा वाटा तिचा होता. इथे प्रश्न नेमका कोणत्या क्षणी विचारायचा, यावर सगळे ठरते.

पात्राचा बचाव १५, शत्रूला वारात ५ जास्तीचे, आणि फासा वीस पैलूंचा, असे धरू. दान आणि ते ५ यांची बेरीज बचावाइतकी किंवा जास्त झाली की वार लागतो. म्हणजे फाशावर १० किंवा जास्त आले तर, वीसपैकी ११ वेळा. ढाल धरली की बचाव २० होतो आणि लागायला १५ पडावे लागतात. थोडक्यात, ढालीने निकाल बदलतो तो फक्त १० ते १४ या पाच दानांना. ९ पर्यंत वार तसाही हुकतो, १५ पासून पुढे ढाल असूनही लागतो.

आता विचारण्याच्या तीन वेळा होतात. फासा पडण्याआधी विचारले तर वीसही वेळा विचारावे लागते आणि त्यातल्या पंधरा वेळा उत्तराने काही फरक पडत नाही. वार लागल्याचे कळल्यावर विचारले तर अकरा वेळा. आणि ढाल खरोखर कामी येणार असेल तेव्हाच विचारले तर फक्त पाच वेळा. आधी गेम फाशाच्या आधी विचारत होता, कारण कोडमध्ये फासा, डॅमेज (वाराने किती जीव जाणार तो आकडा) आणि जीव कमी होणे हे सगळे एकाच फंक्शनमध्ये, म्हणजे कोडच्या एकाच तुकड्यात, एका दमात व्हायचे. मध्ये थांबायला जागाच नव्हती.

तिसरी वेळ निवडली गेली, पण ती फुकट मिळाली नाही. फाशाआधी वापरलेली ढाल चारांतून एकदा उपयोगी पडायची. आता 'हो' म्हटले की ती दर वेळी वाचवणार. कोणताही आकडा न बदलता तिची ताकद चौपट झाली. प्रोग्रामरने हे लगेच ओळखले. म्हणून ढालीचा असर, जो आधी पुढच्या टर्नपर्यंत टिकत होता, तो त्या एका वारापुरता केला. यावर बराच वाद झाला. वैदूचा जीव कमी, ढाल टिकली नाही तर तो पटकन पडेल, ही लेखिकेची भीती रास्त होती. शेवटी वैदूचा जीव थोडा वाढवून तोडगा निघाला.

ढाल लागू पडणार हे पक्के झाल्यावर खेळाडूने ठरवायचे काय, हा प्रश्न उरतो. ठरवायचे ते एवढेच: ही ढाल आत्ता वापरू की पुढच्या मोठ्या वारासाठी ठेवू? आधीच्या चौकटीत हे ठरवायला लागणारी एकही माहिती नव्हती. "ढाल वापरायची? हो / नाही." नवी चौकट अशी झाली: "भालाईताचा वार वैदूला लागतो आहे. ६ ते ११ डॅमेज. वैदूचा जीव ९. या राउंडमध्ये अजून तीन शत्रू बाकी." खाली दोन बटणे. या ओळी लेखिकेने लिहिल्या, आणि माझ्या मते अख्ख्या कामातली सर्वांत मोलाची सुधारणा तीच आहे. ९ जीव, ६ ते ११ डॅमेज, तीन शत्रू बाकी. इथे बोट खरोखर थबकते.

काय केले: अडवा, झेप आणि पवित्रा

अडवा आपोआप करावा यावर एकमत होते. शत्रू पाठ दाखवून पळतोय, वार फुकटचा आहे, कोण नाही म्हणेल? पण ढालकऱ्याजवळ अडवा आणि झेप दोन्ही होत्या, आणि रिअ‍ॅक्शन एकच. एखादा किरकोळ शिपाई मागे सरकला की अडवा आपोआप व्हायचा, आणि मग वैदूवर सरदाराची तलवार पडताना ढालकरी नुसता बघत उभा. चाचणीत हे घडले तेव्हा खेळणारी मुलगी खरोखर चिडली. तिने ढालकऱ्याला मुद्दाम वैदूच्या शेजारी आणून ठेवला होता.

दोन्हींसाठी वेगळ्या रिअ‍ॅक्शन द्याव्यात का? तसे केले तर ढालकरी बाकीच्या तिघांपेक्षा दुप्पट कामाचा होतो. दर वेळी विचारावे का? मग परत पहिल्याच ठिकाणी आलो.

शेवटी प्रश्नच हलवला. ढालकऱ्याने आपली टर्न संपवताना पवित्रा घ्यायचा, अडवण्याचा किंवा झेपेचा. घेतलेला पवित्रा बदलेपर्यंत कायम राहतो, आणि शत्रूच्या टर्नमध्ये त्याप्रमाणे आपोआप घडते. झेपेच्या पवित्र्यात कोणासाठी झेपायचे तो सोबतीही आधीच ठरतो. निर्णय खेळाडूचाच राहिला, फक्त तो त्याच्या स्वतःच्या टर्नमध्ये आला, जिथे पट समोर असतो, घाई नसते आणि कोणी मध्येच हात धरत नाही. ओव्हरवॉचची कल्पना इथे उपयोगी पडली, पण ती एकाच पात्रापुरती. चौघांनाही पवित्रे दिले असते तर दर टर्नच्या शेवटी चार हिशेब, आणि तोही जाचच.

काय केले: मंत्रभंग

इथे थांबून विचारायचेच ठरले. मंत्र म्हणणारे शत्रू थोडे, त्यामुळे प्रश्न क्वचित. वाद झाला तो मंत्राचे नाव दाखवावे का यावर. टेबलावरच्या नियमांत हे संदिग्ध आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१७ च्या पूरक पुस्तकातल्या एका ऐच्छिक नियमाप्रमाणे तर समोरचा कोणता मंत्र म्हणतोय हे ओळखायलाच रिअ‍ॅक्शन लागते. म्हणजे ओळखणाऱ्याला तोच मंत्र मग तोडता येत नाही. टेबलावर त्यात गंमत आहे, मित्र एकमेकांना खुणावतात. एकट्याने खेळताना मात्र "कोणीतरी काहीतरी मंत्र म्हणतोय, तोडू?" हा प्रश्न म्हणजे निव्वळ छापा-काटा. नाव, डॅमेज आणि मंत्र पटावरच्या कोणकोणत्या घरांवर पडणार ते, सगळे दाखवायचे ठरले. खेळ सोपा होईल असे प्रमुख म्हणत होता. तो सोपा झाला नाही, कारण एका राउंडमध्ये दोन मांत्रिक आले की कोणाचा मंत्र तोडायचा ही चिंता राहतेच, आणि माहिती असली की ती चिंता जास्तच लागते.

कोडचे काम

प्रोग्रामरने लढाईचे ते एकसंध फंक्शन चार टप्प्यांत फोडले: वाराची घोषणा, फासा, परिणामाचा हिशेब आणि शेवटी जीव प्रत्यक्ष कमी करणे. प्रत्येक टप्प्यानंतर थांबता येते. ते गोडो हे गेम बनवण्याचे इंजिन वापरत होते, त्यातल्या 'अवेट' या सोयीमुळे खेळाडूच्या उत्तराची वाट बघणे सोपे गेले. रिअ‍ॅक्शनवर रिअ‍ॅक्शन येऊ शकते (आपल्या मंत्रभंगावर शत्रूचा मंत्रभंग), तिथे दोन पातळ्यांच्या पुढे साखळी जाऊ द्यायची नाही असे ठरवले. एकाच प्रसंगाला दोन पात्रे उत्तर देऊ शकत असतील तर दोन चौकटी एकामागून एक न उघडता एकाच चौकटीत दोन्ही पर्याय येतात.

दोन बारीक गोष्टी चाचणीतच कळल्या. संवाद पुढे नेण्याचे आणि 'हो'चे बटण एकच होते, त्यामुळे भराभर पुढे जाणाऱ्याचे 'हो' नकळत दाबले जायचे. आता चौकट उघडल्यावर अर्धा सेकंद बटणे चालत नाहीत. आणि चौकट उघडी असताना गेम बंद करून परत उघडला की फासा नव्याने पडायचा. पडलेले दान आता सेव्हमध्ये राहते.

निकाल

पुढच्या चाचण्यांत खेळाडू ढाल राखून ठेवताना दिसू लागले. हीच खरी पारख होती. तोच मामेभाऊ भालाईताची वाट बघत दोन वार मुकाट्याने खाताना प्रमुखाने पाहिला. लढाया आटोपशीर झाल्या, शत्रूच्या टर्नला ओघ आला.

तक्रारी आल्या, त्या वेगळ्या. टेबलावर मुरलेल्या दोघांना फाशाआधी विचारलेलेच हवे होते, कारण त्यांना जोखीम आवडते. त्यांच्यासाठी सेटिंगमधल्या तीन खुणा ठेवल्या आहेत, पण फाशाआधीचा प्रश्न परत आणला नाही, कारण त्यावर ढालीची सगळी किंमत बदलते. दुसरे म्हणजे पवित्रा घेऊन तो विसरून जाणे. पहिल्या लढाईत घेतलेला पवित्रा लोक पुढे बदलतच नव्हते. ढालकऱ्याच्या डोक्यावर खूण दिली, त्याने थोडा फरक पडला, पुरेसा नाही. लढाई सुरू होताना पवित्रा रिकामा ठेवावा असे माझे मत आहे. संघाला ते अजून पटलेले नाही.

वेगळे काय करता आले असते

हे सगळे कोड लिहिण्याआधी कागदावर कळले असते. चौकोनी वही, वीस पैलूंचा फासा, एकाने शत्रू चालवायचे आणि दुसऱ्याने प्रत्येक वाराला तोंडाने "ढाल वापरायची?" असे विचारायचे. दोन राउंडमध्ये दोघेही कंटाळले असते, आणि फंक्शन फोडण्याचे काम मध्येच करावे लागले नसते.

सहा शत्रूंच्या आकड्याला कोणीच हात लावला नाही, याची मला हळहळ वाटते. चार जोरकस शत्रू ठेवले असते तर वार कमी झाले असते, प्रत्येक वार मोलाचा झाला असता आणि ढालीचा निर्णय आणखी वजनदार. चित्रे आधीच काढून झाली होती, म्हणून तो विषय निघता निघता मागे पडला.

शत्रूंच्या रिअ‍ॅक्शनचे काम अर्धेच झाले आहे. आपण पाऊल टाकतो आणि शत्रूचा अडवा अंगावर येतो, हे खेळाडूला पाऊल टाकण्याआधी दिसायला हवे. कोणत्या शत्रूची रिअ‍ॅक्शन शिल्लक आहे याची खूण आणि धोक्याच्या घरांवर तांबडी रेघ एवढे पुरे आहे.

दोन खेळाडूंच्या मोडचे काम पुढच्या बिल्डवर ढकलले आहे, आणि तिथे थांबण्याचा अर्थच बदलतो. एकमेकांविरुद्ध खेळताना चौकट उघडली की समोरच्याला क्षणभर खेळ अडलेला दिसतो, आणि आपल्याजवळ काहीतरी आहे हे त्याला कळते. 'मॅजिक: द गॅदरिंग अरीना' हा पत्त्यांचा ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. त्यावर दोन सूचना संघापुढे आहेत: प्रत्येक वारानंतर सारखाच छोटा विराम घ्यायचा, किंवा त्या मोडमध्ये सगळ्याच रिअ‍ॅक्शन पवित्र्यावर न्यायच्या. प्रोग्रामरला पहिली हवी आहे, मला दुसरी.